सामायिक संगणकावरील वापरकर्त्यांची माहिती कशी पाहावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच सर्व्हरवर अनेकांची खाती असली की काही प्रश्न हमखास पुढे येतात. आत्ता आणखी कोण काम करत आहे, ही फाइल कोणाची, सर्व्हर कोणामुळे मंदावला आणि माझ्याबद्दल इतरांना काय काय दिसते? युनिक्स घराण्यातील (लिनक्स, मॅकओएस इत्यादी) प्रणालींवर याची उत्तरे देणाऱ्या कमांड अनेक दशकांपासून आहेत. कमांड माहीत नाही म्हणून सहसा कोणाचे अडत नाही. तिने दिलेले उत्तर कोणत्या नोंदवहीतून आले हे माहीत नसते, तिथे गफलत होते. म्हणून पुढे प्रत्येक कमांडबरोबर तिची नोंदवहीही सांगितली आहे. कमांडची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप करावीत.

आत्ता या संगणकावर कोण कोण लॉगिन आहे?

त्यासाठी ‘हू’ ही सर्वांत साधी कमांड आहे. ती प्रत्येक सत्रासाठी एक ओळ दाखवते. त्या ओळीत खात्याचे नाव, टर्मिनलचे नाव, लॉगिनची वेळ आणि सत्र दूरच्या संगणकावरून सुरू झाले असल्यास त्या संगणकाचा पत्ता असतो. एकाच व्यक्तीने तीन खिडक्या उघडल्या असतील तर तिचे नाव तीनदा येते. ‘इतके लोक आत आहेत’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ही पुनरावृत्ती वजा करावी. केवळ नावे हवी असतील तर ‘यूजर्स’ कमांड ती एका ओळीत देते, पण तिथेही पुनरावृत्ती असतेच.

‘डब्ल्यू’ ही एकाक्षरी कमांड याहून बोलकी आहे. तिच्या पहिल्या ओळीत संगणक किती काळ चालू आहे आणि मागील १, ५ व १५ मिनिटांतील सरासरी भार किती होता, हे दिसते. त्याखाली प्रत्येक सत्र किती वेळ निष्क्रिय आहे आणि त्यात सध्या कोणती कमांड चालू आहे, याची माहिती असते. सर्व्हर मंदावला असेल तर मी नेहमी येथूनच सुरुवात करतो.

सहकाऱ्याचे काम चालू आहे हे मला ठाऊक आहे, तरी ‘हू’च्या यादीत त्याचे नाव का नाही?

पारंपरिकरीत्या ‘हू’ ही कमांड यूटीएमपी नावाची एक छोटी फाइल वाचते. एखाद्याने टर्मिनल घेऊन लॉगिन केले की लॉगिन करून देणारा प्रोग्राम या फाइलमध्ये नोंद करतो आणि सत्र संपल्यावर ती नोंद मिटवतो. ज्या जोडणीला टर्मिनलच लागत नाही, तिची नोंद येथे होत नाही. एसएसएच या दूरवरून जोडणी करून देणाऱ्या साधनाने एखादीच कमांड चालवून बाहेर पडणारा किंवा एसएफटीपी या त्याच्याच सोयीने फाइली चढवणारा वापरकर्ता म्हणूनच या यादीत दिसत नाही. ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ या जोडणी तुटली तरी खिडक्या जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये काम सुरू ठेवून जोडणी तोडणाऱ्यांचेही तसेच आहे. त्यांचे सत्र यादीतून जाते, पण प्रक्रिया (चालू प्रोग्राम) रात्रभर चालू राहते.

उलटही घडते. जोडणी अचानक तुटली किंवा एखादा प्रोग्राम मध्येच कोसळला, तर नोंद मिटवायची राहून जाते आणि केव्हाच घरी गेलेली व्यक्ती यादीत हजर दिसते. खात्री करायची असेल तर ‘पीएस’ कमांडने त्या खात्याच्या नावे चालू असलेल्या प्रक्रिया पाहाव्यात. कोण दाराने आत आले हे ‘हू’ सांगते, आत काय चालले आहे हे ‘पीएस’ सांगते.

‘डब्ल्यू’मध्ये दिसणारा निष्क्रिय काळ कितपत खरा मानावा?

त्या टर्मिनलवरून शेवटची कळ कधी दाबली गेली, एवढाच त्याचा अर्थ आहे. टर्मिनल ही युनिक्समध्ये एक फाइलच असते आणि ती शेवटची केव्हा वाचली गेली, यावरून हा आकडा काढला जातो. सहा तासांचे गणित लावून पडद्याकडे पाहत बसलेला माणूस या हिशेबाने सहा तास निष्क्रिय ठरतो.

पूर्वी मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरवर एकाचे सत्र चार दिवस निष्क्रिय दिसले, म्हणून दुसऱ्या प्रशासकाने ते बंद केले आणि त्याबरोबर जवळपास पूर्ण होत आलेली गणनाही गेली. ‘पीएस’च्या यादीत ती प्रक्रिया ठळक दिसत होती, पण ती पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. तेव्हापासून केवळ या रकान्याच्या भरवशावर कोणाचेही सत्र बंद करायचे नाही, असा नियम मी घालून घेतला.

या आकड्यातूनही माहिती गळू शकते. फाइलची वेळ प्रत्येक कळीसरशी बदलत असेल, तर ती सतत पाहणाऱ्याला दुसऱ्याच्या कळींमधील अंतरे मोजता येतात आणि पासवर्ड किती अक्षरांचा आहे याचा अदमास बांधता येतो. त्यामुळे २०१३ पासून लिनक्समध्ये ही वेळ ८ सेकंदांच्या टप्प्यांनीच पुढे सरकते.

एखाद्या खात्याविषयी प्रणालीत नेमकी कोणती माहिती असते?

ईटीसी डिरेक्टरीतील पासडब्ल्यूडी ही फाइल उघडून पाहावी. तिच्यात प्रत्येक खात्यासाठी एक ओळ आणि प्रत्येक ओळीत अपूर्णविरामांनी वेगळे केलेले सात रकाने असतात. ‘लेखा३’ नावाचे एक काल्पनिक खाते घेतले तर पहिल्या रकान्यात ‘लेखा३’ हे नाव असेल, दुसऱ्यात केवळ ‘एक्स’ हे अक्षर, तिसऱ्यात खात्याचा क्रमांक, समजा १००४, चौथ्यात मुख्य ग्रुपचा क्रमांक, पाचव्यात खातेदाराचे पूर्ण नाव, सहाव्यात होम डिरेक्टरी आणि सातव्यात लॉगिननंतर सुरू होणारे शेल, म्हणजे कमांड स्वीकारणारा प्रोग्राम.

यांपैकी क्रमांकाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण प्रणाली माणसाला नावाने नव्हे तर क्रमांकाने ओळखते. सर्वाधिकार असलेल्या प्रशासकीय खात्याचा, म्हणजे रूटचा, क्रमांक ० असतो. सध्याच्या बहुतेक लिनक्स वितरणांत माणसांची खाती १००० पासून सुरू होतात आणि त्याखालचे क्रमांक वेब सर्व्हर, छपाई अशा सेवांसाठी राखलेले असतात. यादीत अनोळखी नावे पाहून पुष्कळ नवे वापरकर्ते घाबरतात; त्यांतील बहुतेक नावे या सेवांचीच असतात आणि त्यांच्या सातव्या रकान्यात लॉगिन नाकारणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता असतो.

पाचव्या रकान्याला आजही ‘जीकॉस’ म्हणतात. बेल लॅब्समध्ये युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात छपाईची कामे जनरल इलेक्ट्रिकच्या जीकॉस प्रणालीवर चालणाऱ्या दुसऱ्या यंत्राकडे पाठवली जात आणि त्या यंत्राला लागणारी ओळख या रकान्यात ठेवली जाई. ते यंत्र गेले, नाव मात्र राहिले. पुढे या रकान्यात स्वल्पविराम देऊन पूर्ण नाव, खोली क्रमांक, कार्यालयाचा फोन आणि घरचा फोन लिहिण्याची पद्धत पडली. घरचा फोन नंबर सर्वांना वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवणे त्या काळी कोणाला खटकले नाही. आज तो तिथे असेल तर काढून टाकावा. ‘सीएचएफएन’ कमांडने आपला हा रकाना आपल्याला बदलता येतो, मात्र कोणता भाग बदलू द्यायचा हे प्रशासक ठरवतो.

ही फाइल सर्वांना वाचता येते, हे धोक्याचे नाही का?

ती वाचता आलीच पाहिजे. फाइलींची यादी मागितल्यावर मालकाचे नाव दिसते, ते डिस्कवर लिहिलेले नसते. डिस्कवर क्रमांक असतो आणि त्याचे नाव याच फाइलमधून शोधले जाते. फाइल बंद केली तर सगळीकडे केवळ आकडे दिसतील. धोका होता तो दुसऱ्या रकान्यात, कारण पूर्वी तिथे पासवर्डचे कूटरूप ठेवत आणि ते कोणालाही उचलून नेऊन सवडीने फोडण्याचा प्रयत्न करता येई. आता ते ‘शॅडो’ या वेगळ्या फाइलमध्ये असते. ती फाइल सामान्य वापरकर्त्याला वाचता येत नाही आणि पहिल्या फाइलमध्ये ‘एक्स’ एवढी खूण उरते.

त्या फाइलमध्ये माझेच नाव नाही, तरी लॉगिन कसे होते?

अनेक संगणकांची खाती एकाच ठिकाणी सांभाळायची असतील तर ती एलडॅपसारख्या मध्यवर्ती निर्देशिकेत ठेवतात. अशा वेळी स्थानिक फाइल अपुरी पडते आणि तिच्यात नाव शोधणे व्यर्थ ठरते. ‘गेटएंट’ कमांडला ‘पासडब्ल्यूडी’ हा शब्द आणि पुढे खात्याचे नाव द्यावे, म्हणजे प्रणाली ज्या ज्या ठिकाणी खाती शोधते त्या सर्व ठिकाणी पाहून ती उत्तर देते. शोधाचा क्रम ईटीसीमधील एनएसस्विच नावाच्या फाइलमध्ये ठरवलेला असतो.

एक सूचना महत्त्वाची आहे. नाव न देता ‘गेटएंट’ चालवल्यास सगळी खाती मिळतील असे वाटते, पण मध्यवर्ती निर्देशिकेशी जोडणी एसएसएसडी या मध्यस्थ सेवेमार्फत असेल तर संपूर्ण यादी देण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते. म्हणजे यादीत नाव नाही, पण नाव देऊन विचारले तर उत्तर मिळते. ‘हे खाते अस्तित्वातच नाही’ असे यादीवरून कधीही ठरवू नये.

मॅकओएसवर तर पासडब्ल्यूडी फाइल केवळ एकल-वापरकर्ता अवस्थेपुरती ठेवलेली आहे. तिथे खाती पाहण्यासाठी ‘डीएससीएल’ कमांड असते आणि माणसांचे क्रमांक ५०१ पासून सुरू होतात.

‘फिंगर’ ही कमांड काय होती, आणि ती आता का सापडत नाही?

स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी १९७१ मध्ये ती लिहिली. कोण आत आहे हे दाखवणारी यादी लोक तिच्यावर बोट फिरवत वाचत असत. त्या बोटावरूनच कमांडला नाव मिळाले. खात्याचे नाव दिले की ती खऱ्या माणसाचे नाव, शेवटचे लॉगिन, टपाल वाचले की नाही, आणि त्याच्या होम डिरेक्टरीतील ‘प्लॅन’ नावाच्या फाइलमधील मजकूर दाखवी. ‘मी अमुक दिवसापर्यंत रजेवर आहे’ असे सांगण्यासाठी ही प्लॅन फाइल सुरू झाली आणि पुढे लोक तिच्यात वाटेल ते लिहू लागले. १९९० च्या दशकात खेळ लिहिणारे जॉन कार्मॅक आपल्या प्लॅन फाइलमध्ये रोजच्या कामाची टिपणे ठेवत आणि ती वाचणाऱ्यांचा मोठा वर्ग तयार झाला होता. ब्लॉग हा शब्द रुळण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

फिंगर दूरच्या संगणकालाही विचारू शके. त्यासाठी ७९ हा पोर्ट ठरलेला आहे. या संवादाचे नियम प्रथम १९७७ मध्ये आणि सुधारून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. सुधारित नियमांत जाळ्याला जोडलेल्या विक्रीयंत्रांनी फिंगरला उत्तर देताना शिल्लक मालाची यादी द्यावी, असेही गंभीरपणे नमूद केलेले आहे.

हा मोकळेपणा महागात पडला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्मने (जाळ्यावरून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने) व्हॅक्स या जातीच्या संगणकांत शिरण्यासाठी जे मार्ग वापरले, त्यांतला एक फिंगरची सेवा हा होता. त्या सेवेने येणाऱ्या ओळीसाठी ५१२ बाइटची जागा राखली होती, पण ओळ किती लांब आहे हे ती तपासत नव्हती. वर्मने ५३६ बाइट पाठवले आणि वरच्या २४ बाइटांनी प्रोग्रामचा पुढचा रस्ताच बदलून टाकला. ती चूक दुरुस्त झाली, तरी कोणाही अनोळखी माणसाला खात्यांची नावे आणि ये-जा सांगणारी सेवा चालू ठेवणे हळूहळू अव्यवहार्य ठरले. आज बहुतेक वितरणांत फिंगर आपोआप बसत नाही. स्थानिक माहितीपुरती ‘पिंकी’ ही तिची हलकी आवृत्ती मात्र जीएनयूच्या मूलभूत साधनांत अजून आहे.

माझी प्लॅन फाइल इतरांना का दिसत नाही?

बहुधा होम डिरेक्टरीचे दार बंद आहे. फाइल वाचायला खुली असून भागत नाही, तिच्यापर्यंत जाणाऱ्या डिरेक्टरीत शिरण्याची परवानगीही इतरांना हवी. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नवी होम डिरेक्टरी मुळातच इतरांसाठी बंद ठेवायला सुरुवात केली. माझ्या मते तेच योग्य आहे. प्लॅन दाखवण्यासाठी घर उघडे टाकू नये.

कोण कधी आले आणि कधी गेले, हा इतिहास कुठे मिळतो?

‘लास्ट’ कमांड डब्ल्यूटीएमपी या फाइलमधील सत्रे नव्याकडून जुन्याकडे दाखवते. सत्राचा शेवट नोंदलेला नसेल तर ती ‘अजून लॉगिन आहे’, ‘यंत्र कोसळले’ किंवा ‘गेले, पण लॉगआउट नाही’ अशा अर्थाचे शेरे देते. सर्वांत खालची ओळ अवश्य वाचावी. तिच्यात नोंदी केव्हापासूनच्या आहेत ते लिहिलेले असते. अनेक ठिकाणी ही फाइल दरमहा बदलली जाते, त्यामुळे ‘लास्ट’मध्ये नाव नाही याचा अर्थ त्या तारखेनंतर लॉगिन नाही एवढाच होतो. अयशस्वी प्रयत्नांसाठी ‘लास्टबी’ आहे, पण ती रूटलाच चालवता येते. हे बरेच आहे, कारण घाईत नावाच्या जागी पासवर्ड टाइप करणारे थोडे नसतात आणि तो तिथे उघड नोंदला जाऊ शकतो.

प्रत्येक खात्याचे शेवटचे लॉगिन ‘लास्टलॉग’ सांगते. तिची फाइल पाहून डिस्क भरल्याची तक्रार वारंवार येते, म्हणून थोडे स्पष्टीकरण देतो. लिनक्सवर तिच्यात प्रत्येक खात्यासाठी २९२ बाइटची जागा असते आणि ती खात्याच्या क्रमांकावरून ठरते. क्रमांक १,००,००० असलेल्या एकाच माणसाने लॉगिन केले तरी फाइलची लांबी २ कोटी ९२ लाख बाइटच्या पुढे जाते. मधली जागा पोकळ असते आणि डिस्कवर ती जवळजवळ काहीच व्यापत नाही. ‘डीयू’ने मोजले की खरा आकडा दिसतो.

या जुन्या फाइलींत वेळ ३२ बिटांत साठवली जाते आणि ती १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. त्यामुळे नव्या वितरणांत या फाइली निवृत्त होत आहेत. डेबियन १३ मध्ये ‘लास्ट’ आणि ‘लास्टलॉग’ पूर्वीच्या रूपात नाहीत, त्यांच्या जागी ‘डब्ल्यूटीएमपीडीबी’ आणि ‘लास्टलॉग२’ ही साधने आली आहेत.

प्रशासकाने मला ग्रुपमध्ये घेतले, तरी फाइल का उघडत नाही?

‘आयडी’ ही कमांड दोन प्रकारे चालवून पाहावी, एकदा नुसती आणि एकदा पुढे आपल्या खात्याचे नाव देऊन. नाव दिल्यावर ती खात्यांच्या नोंदीत पाहते, तर नुसती चालवल्यास चालू सत्राजवळ कोणते ग्रुप आहेत ते सांगते. सत्राला ग्रुप लॉगिनच्या वेळी मिळतात. नाव देऊन मिळालेल्या उत्तरात नवा ग्रुप असेल आणि नुसत्या कमांडच्या उत्तरात नसेल, तर बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे. टीमक्समधील जुन्या खिडक्यांना मात्र जुनेच ग्रुप चिकटून राहतात, हे बरेच जण विसरतात.

‘हूअमआय’ आणि ‘लॉगनेम’ वेगवेगळी नावे का देतात?

पहिली कमांड सध्या कोणाच्या अधिकाराने काम चालू आहे ते सांगते, दुसरी मूळ लॉगिन कोणी केले ते सांगते. ‘सुडो’ या दुसऱ्या खात्याच्या अधिकाराने काम करू देणाऱ्या कमांडने अधिकार बदलला की दोन्हींत फरक पडतो.

इतरांना माझ्याविषयी आणखी काय दिसते?

बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरेच जास्त. ‘पीएस’ची पूर्ण यादी नेहमीच्या रचनेत सर्वांना खुली असते आणि तिच्यात कमांडबरोबर दिलेले सर्व शब्द दिसतात. डेटाबेसचा पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहिला, तर काही क्षण का होईना, तो सर्व्हरवरील प्रत्येकाला वाचता येतो. काही प्रोग्राम तो चटकन पुसून टाकतात, पण त्या भरवशावर राहू नये. पासवर्ड फक्त स्वतःला वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवावा किंवा प्रोग्रामने विचारल्यावर टाइप करावा. फाइलींच्या नावांचेही तसेच आहे. ‘राजीनामा’ असे नाव दिलेली फाइल संपादकात उघडली की ते नाव यादीत झळकते.

प्रशासकाला हे दृश्य आवरता येते. लिनक्समध्ये प्रॉक ही प्रक्रियांची माहिती देणारी फाइलप्रणाली जोडताना ‘हाइडपिड’ हा पर्याय २ या मूल्यासह दिला, तर ज्याला त्याला स्वतःच्याच प्रक्रिया दिसतात. जिथे वापरकर्ते एकमेकांना ओळखत नाहीत तिथे हा पर्याय लावावा असे माझे मत आहे. छोट्या गटात मात्र सर्व्हर कोणी अडवला हे परस्पर पाहून सोडवण्याची सोय त्याने जाते.

दुसऱ्यांची माहिती पाहणे गैर आहे का?

प्रणालीने सर्वांना खुली ठेवलेली माहिती कामासाठी पाहणे गैर नाही. फाइलचा मालक शोधणे, भारी प्रक्रिया चालवणाऱ्याला निरोप देणे, यंत्र बंद करण्यापूर्वी आत कोण आहे ते पाहणे, यासाठीच या कमांड आहेत. एखाद्याच्या येण्याजाण्याची नोंद दर पाच मिनिटांनी साठवत राहणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण त्यातून त्याच्या झोपेजागेचे वेळापत्रक तयार होते. वरिष्ठांनी ‘लास्ट’वरून हजेरी मागितल्यास मी नकार देतो आणि कारणही सांगतो : ही नोंद टर्मिनलची आहे, माणसाच्या कामाची नाही, आणि वर दाखवल्याप्रमाणे ती दोन्ही बाजूंनी चुकते.

विंडोजच्या सर्व्हरवर हे कसे करावे?

‘क्वेरी यूजर’ने चालू सत्रे आणि निष्क्रिय काळ दिसतो, ‘नेट यूजर’ने खाती दिसतात आणि पुढे नाव दिल्यास त्या खात्याचे शेवटचे लॉगिनही कळते. तिथे क्रमांकाऐवजी ‘एस’ने सुरू होणारी लांबलचक ओळख असते. तिचा शेवट ५०० ने होत असेल तर ते मूळ प्रशासकाचे खाते समजावे, मग त्याचे नाव काहीही ठेवलेले असो.

फाइलच्या मालकाच्या जागी नावाऐवजी आकडा का दिसतो?

बहुधा ते खाते काढून टाकले आहे आणि फाइली मागे राहिल्या आहेत. क्रमांकाला नाव सापडत नाही, म्हणून क्रमांकच दिसतो. हे निरुपद्रवी वाटते, पण पुढे नवे खाते उघडताना तोच क्रमांक पुन्हा दिला गेला तर जुन्या माणसाच्या सर्व फाइली नव्या माणसाच्या मालकीच्या होतात. एका ठिकाणी नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीला पहिल्याच दिवशी सामायिक डिस्कवर आपल्या नावाच्या काही हजार फाइली आढळल्या आणि तिने प्रामाणिकपणे विचारले, म्हणून हा घोळ उघड झाला. खाते काढण्यापूर्वी ‘फाइंड’ कमांडला त्या क्रमांकाच्या सर्व फाइली शोधायला सांगून त्यांचा मालक बदलावा, आणि खाते आधीच गेले असेल तर तिचाच ‘नोयूजर’ हा पर्याय वापरून बेवारस फाइली हुडकाव्यात.